मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आणि लेसरनंतर डोळ्यापुढे तरंगणारे ठिपके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोतीबिंदू निघतो, लेन्स बसते, कॅलेंडरवरच्या बारीक तिथीसुद्धा वाचता येतात. मग एखाद्या सकाळी डोळ्यापुढून डास गेल्यासारखं वाटतं आणि डास कुठेच नसतो. डॉक्टर याला फ्लोटर्स म्हणतात. मी डॉक्टर नाही. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पुढे त्याच डोळ्याला लेसरही लागला आणि ठिपके आजही आहेत. ओळखीपाळखीचे लोक मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. तपासणीला याने पर्याय होत नाही. पण डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या पाच मिनिटांत काय विचारायचं, हे ठरवायला उपयोग होईल.

आधी नव्हते, मग ऑपरेशननंतरच कुठून आले?

बऱ्याच जणांचे काही ठिपके आधीपासूनच असतात. गढूळ लेन्समधून सगळंच पुसट दिसायचं, त्यात तेही लपून जायचे. लेन्स स्वच्छ झाली की तेही स्वच्छ दिसतात.

दुसरं कारण डोळ्याच्या आतल्या घडणीत आहे. लेन्सच्या मागची सगळी पोकळी एका पारदर्शक जेलीने भरलेली असते, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी. तिला व्हिट्रियस म्हणतात. ती साधारण 4 मिलिलिटर असते. तिच्यात जवळजवळ सगळं पाणी, आणि त्याला धरून ठेवणारे कोलॅजनचे अतिबारीक तंतू. वय वाढतं तशी ती पातळ होते, तंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि त्या पुंजक्यांची सावली डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. म्हणून नजर वळवली की ती पळते आणि नजर थांबली तरी ती जरा पुढे वाहत जाते.

ऑपरेशनचा यात वाटा असा: आपली मूळची लेन्स चार-पाच मिलिमीटर जाड असते, बसवलेली कृत्रिम लेन्स जेमतेम एक मिलिमीटरची. पुढे जागा मोकळी होते, जेली थोडी पुढे सरकते आणि मागच्या पडद्यापासून सुटते. साठी-सत्तरीत हे बहुतेकांना आपोआपही होतं. ऑपरेशनने ते थोडं लवकर घडतं, बहुधा पहिल्या वर्षभरात. जिथे डोळ्याची मुख्य नस निघते तिथे जेली गोलाकार चिकटलेली असते. तिथून सुटताना ते कडंही सुटून येतं. एकच मोठं, अर्धवट गोल असं काही दिसत असेल तर ते बहुधा हेच.

म्हणजे ऑपरेशन बिघडलं का?

नाही. ऑपरेशन अगदी उत्तम झालेल्या डोळ्यातही ठिपके येतात.

मला लेसर झाला आहे. त्यानेच हे झालं का?

आधी हे सांगा की कोणता लेसर. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण घरी येऊन सगळे एवढंच सांगतात, "डोळ्याला लेसर मारला." प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण लेसर म्हणतो.

एक, याग लेसर. कृत्रिम लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिचा मागचा भाग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होतो. लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही, पिशवी गढूळ होते. याग लेसरने त्या पिशवीला मधोमध खिडकी पाडतात. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, डोळ्यात बधिर करायचा थेंब पडतो, कधी एक भिंग डोळ्यावर ठेवतात. लाल ठिपक्याचा उजेड दिसतो आणि टक-टक आवाज येतो. दुखत नाही, काही मिनिटांत संपतं.

दोन, पडद्याचा लेसर. पडद्याला भोक किंवा चीर पडली असेल तर तिच्याभोवती लेसरचे बारीक डाग देतात, म्हणजे तिथे पडदा घट्ट चिकटतो आणि पुढे सुटत नाही. मधुमेहात पडद्याला देतात तो लेसरही याच जातीचा, पण कारण वेगळं.

तीन, ठिपक्यांनाच फोडायचा लेसर. तो फार कमी ठिकाणी करतात. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

डिस्चार्ज कार्डावर किंवा केसपेपरवर कोणता लेसर झाला ते लिहिलेलं असतं. नसेल तर मागून लिहून घ्या. पुढे दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा त्या एका ओळीचा फार उपयोग होतो.

याग लेसरनंतर ठिपके वाढले. हे नेहमीचं आहे का?

हो. पिशवीचे जे बारीक तुकडे उडतात ते काही दिवस डोळ्यात तरंगतात. ते खाली बसतात किंवा विरतात. काहींचे आठवड्यात जातात, काहींना महिना लागतो. शिवाय खिडकी पडली की नजर पुन्हा लख्ख होते आणि जुने ठिपकेही ठळक दिसू लागतात.

लेसरनंतर पहिल्या काही तासांत डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून थेंब देतात आणि कधी थोडा वेळ थांबवून दाब मोजतात. काचबिंदू असेल तर हे थांबणं टाळू नका. घरी आल्यावर डोळा ठणकू लागला, मळमळ होऊ लागली तर फोन करा.

पडद्याच्या लेसरनंतरही ठिपके तसेच आहेत. मग लेसर कशाला केला?

ठिपके घालवायला तो केलाच नव्हता. चीर आणखी फाटू नये, पडदा सुटू नये यासाठी केला होता. जेली आत तशीच आहे, म्हणून ठिपकेही तसेच. हे आधी कोणी नीट सांगितलं नाही की माणूस हिरमुसतो, लेसर फुकट गेला असं त्याला वाटतं. फुकट गेलेला नाही, त्याने नजर राखली आहे. तिथली पकड पक्की व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस डॉक्टर सांगतील ते पथ्य पाळा.

नक्की कधी धावत जायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

जेली पडद्यापासून सुटताना बहुतेक वेळा अलगद सुटते. पण एखाद्या ठिकाणी ती पक्की चिकटलेली असली तर ओढीने पडदा फाटतो. अचानक नवे ठिपके किंवा चमक अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत साधारण सात-आठ जणांमागे एकाला अशी चीर सापडते. वेळेत सापडली तर बाह्यरुग्ण विभागात बसून लेसरने काम होतं. वेळ गेली तर चिरेतून पाणी मागे शिरतं, पडदा सुटतो आणि मग मोठं ऑपरेशन. या सगळ्यात डोळा दुखत नाही. पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते. दुखत नाही म्हणून थांबणारे लोक इथेच फसतात.

म्हणून यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. एकदम खूप नवे ठिपके, काजळी उधळल्यासारखे. डोळ्याच्या कडेला, विशेषतः अंधारात, वीज चमकल्यासारखा प्रकाश. एका बाजूने काळी सावली किंवा खिडकीच्या पडद्यासारखं काही सरकत येणं. नजर एकदम कमी होणं. सरळ रेषा वाकडी दिसणं. ज्यांना मोठा मायनस नंबर होता, ज्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा पडदा सुटलेला आहे, डोळ्याला मार लागला आहे किंवा घरात कोणाचा पडदा सुटला आहे, त्यांनी तर अजिबात वाट पाहू नये.

आणखी एक वेगळी तातडी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत डोळा दुखतोय, लाल झालाय, उजेड सहन होत नाही आणि नजर धूसर होत चालली आहे, असं असेल तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. रात्री असेल तर रात्रीच जा. यात तासांना किंमत असते.

बाजूने येणारी काळी सावली आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं?

रोज सकाळी एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. दुसऱ्या डोळ्याने समोरच्या दाराकडे बघा. नजर मधोमध ठेवून चारही कोपरे दिसतात का ते पाहा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि सावली बरेच दिवस कळतच नाही. याला अर्धं मिनिट लागतं. ऑपरेशननंतर वर्षभर तरी मी सगळ्यांना हे करायला सांगते.

तपासणीत काय करतात?

बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, अर्धा-पाऊण तास बसवतात, मग डोक्याला लावलेल्या दिव्याने पडद्याच्या अगदी कडेपर्यंत बघतात. कधी बोथट सळीने पापणीवरून हलकं दाबून कडा पुढे आणतात. आत रक्त असून पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. नंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड बोचतो. सोबत कोणाला तरी न्या, गॉगल न्या, स्वतः गाडी चालवत येऊ नका.

बाहुली मोठी न करता, नुसतं नंबर तपासून "काही नाही" असं सांगितलं गेलं, तर नम्रपणे विचारा: "पडदा कडेपर्यंत बघितला का?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सगळं ठीक आहे म्हणाले, तरी महिन्याने पुन्हा बोलावलं. का?

जेली एका दिवसात पूर्ण सुटत नाही. आज चीर नसली तरी सुटायचं काम चालू असेपर्यंत ती पडू शकते. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा पाहतात. मधल्या काळात ठिपके वाढले तर तारखेची वाट बघायची नाही.

आम्ही गावी राहतो. शिबिरात ऑपरेशन झालं. पडद्याचे डॉक्टर इथे नाहीत.

हे दुखणं मोठं आहे. शिबिराने लाखो लोकांची नजर परत आणली, त्याबद्दल आदरच आहे, पण सहा महिन्यांनी काही झालं तर जायचं कुठे, हे घरी परतताना कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. ऑपरेशनच्या दिवशीच विचारून ठेवा: पडद्याची तपासणी कुठे होते, फोन कोणता, रविवारी कोण असतं. ग्रामीण रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी पहिली तपासणी करून पुढे चिठ्ठी देऊ शकतात. जिल्हा रुग्णालय आणि सरकारी मेडिकल कॉलेजचा नेत्रविभाग हे पुढचे टप्पे. बाजूने काळी सावली येत असेल तर मात्र टप्पे करत बसू नका. पडदा तपासला जातो अशा ठिकाणी फोन करून थेट निघा. ऊस तोडून झाला की जाऊ, लग्न उरकलं की जाऊ, यात पडद्याचा मधला भाग सुटला तर नजर पूर्वीसारखी होणं अवघड असतं.

ठिपके किती दिवसांत जातात?

पूर्ण गेले असं फार थोडे लोक सांगतात. पण काही आठवडे ते काही महिने या काळात बहुतेकांचा त्रास कमी होतो. पुंजके नजरेच्या रेषेखाली उतरतात, पडद्यापासून लांब जातात तशी सावली फिकी पडते आणि मेंदू त्यांच्याकडे लक्ष देणं सोडतो. पहिले दोन महिने सगळ्यात कठीण जातात.

तोपर्यंत रोजची कामं कशी करायची?

सावली गडद कधी होते हे कळलं की बरंच सोपं जातं. उजेड भरपूर असला की बाहुली लहान होते आणि लहान बाहुलीतून आलेल्या उजेडात सावली रेखीव पडते. त्यात मागे पांढरं असलं तर विचारूच नका. निरभ्र आकाश, बाथरूमच्या पांढऱ्या फरश्या, मोबाइलची पांढरी स्क्रीन. मी खिडकीशी बसून तांदूळ निवडायचे तेव्हा स्टीलच्या ताटात सारखा खडा दिसायचा आणि बोट टेकवलं की सरकायचा. ताट खिडकीपासून हलवलं, खाली गडद कापड घेतलं, आणि निवडणं पुन्हा जमू लागलं.

तर बाहेर पडताना गॉगल आणि टोपी. मोबाइलवर डार्क मोड, ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाइतकाच. वाचताना दिवा मागून किंवा बाजूने, डोळ्यांवर नको. एखादा ठिपका अगदी ओळीवर येऊन बसला तर डोकं न हलवता नजर वर-खाली करा. आतली जेली ढवळली जाते आणि तो बाजूला जातो. उजवीकडे-डावीकडे फिरवण्यापेक्षा वर-खाली बरं, कारण वाचताना नजर आडवीच फिरत असते आणि तो पुन्हा तिथेच येतो.

गाडी चालवायची परवानगी डॉक्टरांनी दिली असली तरी पहिले काही दिवस उन्हात आणि रात्री टाळा. ठिपका अचानक आडवा आला की माणूस दचकतो आणि टू-व्हीलरवर तेवढं पुरतं. हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर बदला.

ठिपका शोधायला सारखं आकाशाकडे बघणं ही सवय मात्र सोडाच. सकाळची अर्ध्या मिनिटाची तपासणी पुरे.

कडेला चंद्रकोरीसारखी काळी सावली आहे, पण ती हलत नाही. हेही ठिपकेच का?

नवीन लेन्सच्या कडेमुळे काहींना कानाच्या बाजूला अशी स्थिर सावली दिसते, किंवा दिव्यांभोवती रेघा आणि चकाके दिसतात. ती ऑपरेशननंतर लगेच सुरू होते, वाढत नाही आणि बहुधा काही महिन्यांत जाणवेनाशी होते. पण पडदा सुटण्याची सावलीही कडेलाच सुरू होते. त्यामुळे हे लेन्सचं आहे असं स्वतः ठरवू नका, एकदा तपासून घ्या.

मधुमेह आहे. वेगळी काळजी?

हो. मधुमेहात ठिपके म्हणजे आत झालेला रक्तस्राव असू शकतो. लालसर-काळ्या दोऱ्या किंवा धूर पसरल्यासारखं दिसतं. लगेच दाखवा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. त्या हृदयासाठी दिलेल्या असतात.

थेंब, गोळ्या, अननस, त्राटक?

ठिपके विरघळवणारा कोणताही थेंब नाही. व्हॉट्सॲपवर अननसाचं फिरतं, पण त्याला भक्कम पुरावा नाही. आवडत असेल तर फळ म्हणून खा, साखर असेल तर तेही बेताने. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात मध, तूप, गुलाबपाणी, कुठलाही घरगुती अर्क घालायचा नाही. जखम ताजी असताना तर हे अतिशय धोक्याचं आहे. त्राटकाने ठिपके जात नाहीत.

वाकणं, वजन उचलणं, योगासनं, प्रवास?

पहिल्या काही आठवड्यांची बंधनं ऑपरेशनच्या जखमेसाठी असतात, ती पाळा. ठिपक्यांसाठी वेगळं पथ्य नाही. पडद्याला चीर असेल किंवा नुकताच पडद्याचा लेसर झाला असेल तर शीर्षासन, धक्के बसणारा प्रवास, जड उचल यांबद्दल डॉक्टरांनाच विचारा.

हे काढून टाकता येतात का?

दोन मार्ग आहेत. पहिला, याग लेसरने ठिपका फोडणं. ठिपका एकच, मोठा आणि पडद्यापासून व लेन्सपासून दूर असेल तरच याचा विचार होतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत 52 जण होते. खरा लेसर घेतलेल्यांपैकी 54 टक्के लोकांनी बरं वाटल्याचं सांगितलं, नुसता देखावा केलेल्यांपैकी 9 टक्के. म्हणजे काहींना फरक पडतो, पण जवळजवळ निम्म्यांना नाही.

दुसरा मार्ग व्हिट्रेक्टॉमी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या तीन छिद्रांतून आतली जेलीच काढून तिथे द्रव भरतात. 1970 साली मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी या शस्त्रक्रियेचा पाया घातला, आज ती मोठ्या शहरांत नित्य होते. ठिपके यानेच खात्रीने जातात. मोतीबिंदू लवकर होणं हा तिचा नेहमीचा तोटा, तो तुम्हाला लागू नाही, कारण लेन्स आधीच बदललेली आहे. पण पडदा सुटणं आणि जंतुसंसर्ग हे धोके उरतात, कमी असले तरी. माझं मत स्पष्ट आहे: निदान सहा महिने थांबा, दोन पडद्याच्या डॉक्टरांचं मत घ्या, आणि वाचणं, नोकरी, गाडी खरंच अडली असेल तरच हे करा. अडली असेल तर मात्र संकोच करू नका.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करू की नको?

एका डोळ्यात ठिपके आले म्हणून दुसऱ्यातला मोतीबिंदू ठेवून देऊ नका. आधी त्या डोळ्याचा पडदा कडेपर्यंत तपासून घ्या, एवढंच. आणि मल्टिफोकल लेन्सचा, म्हणजे दूरचं-जवळचं दोन्ही दिसावं म्हणून बसवतात त्या लेन्सचा विचार असेल तर पहिल्या डोळ्यातल्या ठिपक्यांचा त्रास डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या लेन्समध्ये उजेड वाटला जातो आणि ठिपक्यांचा त्रास काहींना जास्त जाणवतो.

घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

सावली दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून असं होतं. त्रास खरा आहे. तक्त्यावर नजर "सहा-सहा", म्हणजे पूर्ण, आली म्हणून तो खोटा ठरत नाही. झोप उडाली असेल, सतत पडदा सुटेल अशी धास्ती असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर मदत मिळते. घरच्यांना एकदा तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

डॉक्टरांकडे जाताना काय लिहून न्यायचं?

कोणता डोळा. ऑपरेशनची तारीख, लेसरची तारीख आणि लेसरचा प्रकार. ठिपके कधी सुरू झाले, एकदम की हळूहळू. चमक आहे का, सावली आहे का, असली तर कुठल्या बाजूला. ऑपरेशनआधीचा चष्म्याचा नंबर. चालू औषधं. आणि दिसतं ते कागदावर पेनाने काढून न्या, वेडंवाकडं चालेल. लेन्सचं कार्ड मिळालं असेल तर तेही त्याच पिशवीत ठेवा.